छगनच्या भट्टीतला पॅनकेक

सुचित्राने आयुष्यातला पहिला पॅनकेक पाहिला तो उलटा. पुस्तिका हेडमास्तरांच्या टेबलावर त्यांच्याकडे तोंड करून उघडी होती आणि सुचित्रा टेबलाच्या अलीकडे उभी होती. त्यामुळे चित्रातला तो पदार्थ तिला आधी झाडाला लोंबकळणारं आग्यामोहोळच वाटला. पुस्तिका फिरवून घेतल्यावर कळलं, की ती एक लोखंडी कढई आहे आणि तिच्यातून सोनेरी रंगाचं काहीतरी, नव्या फेट्यासारखं, वीतभर वर आलेलं आहे. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: ओव्हनमधला फुगीर पॅनकेक.

"तर सुचित्राबाई," हेडमास्तर नृसिंहराव म्हणाले, "जिल्ह्याच्या ऑफिसातून आपल्या मुलींच्या शाळेला विजेचा ओव्हन मिळून अकरा महिने झाले. एकदाही वापरला नाही, असा ऑडिटचा शेरा आहे. पुढच्या शनिवारी नगरहून साळवेबाई तपासणीला येतायत. गृहशास्त्राची शिक्षिका नेमायची की त्या जागी कवायतीचा मास्तर घ्यायचा, ते त्या ठरवणार. तुम्ही या पुस्तिकेतला पहिला पदार्थ करून दाखवा. जमला तर जागा तुमची."

"मग सर, एकदा ओव्हनवर करून बघते."

"ओव्हन डेडस्टॉक रजिस्टरात चढवलेला आहे. तो गृहशास्त्राच्या शिक्षिकेच्या सहीशिवाय कपाटाबाहेर निघत नाही."

"मग मी सही करते."

"तुम्ही अजून शिक्षिका झालेला नाही."

"पण सर, शिक्षिका व्हायलाच ओव्हन लागतोय ना?"

"म्हणूनच तर तो साळवेबाईंच्या समक्ष उघडायचा!" नृसिंहराव म्हणाले आणि मोठी अडचण चुटकीसरशी सोडवल्यासारखे खुर्चीत मागे टेकले.

एकाहत्तर सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. सुचित्राचा गृहशास्त्राचा डिप्लोमा तीन वर्षं ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली पडून होता. नवरा रविकांत राहात्याच्या पोस्टात कारकून. गावात तिला 'पोस्टातल्यांच्या वहिनी' म्हणत. तिचं स्वतःचं नाव असलेलं पत्रसुद्धा वर्षात दोनदा येई, तेही आईचं. अशी जागा आसपासच्या गावांत पुन्हा निघणार नव्हती. तेव्हा पॅनकेक जमला पाहिजे होता, मग तो काय असेल तो असो.

पुस्तिका बाहेर न्यायला परवानगी नव्हती, म्हणून तिने उभ्याउभ्या कृती उतरवून घेतली. तीन अंडी, पाऊण वाटी मैदा, पाऊण वाटी दूध, चिमूटभर मीठ. लोखंडी भांड्यात लोणी कडकडीत तापवायचं, मिश्रण ओतायचं, चारशे पंचवीस अंशांवर वीस मिनिटं. वरून पिठीसाखर नि लिंबू. शेवटची ओळ होती: काढल्याबरोबर तिथल्या तिथे खावा. ही ओळ तिने उतरवली, पण मनावर घेतली नाही. गरम असताना खावं, हे कळायला तिला इंग्रजी पुस्तिकेची गरज नव्हती.

पहिली अडचण अंड्यांची. वाड्याबाहेरच्या दोन खोल्या भाड्याने देताना घरमालकीण पुष्पावतीकाकूंची अट एकच होती: अंडं उंबऱ्याच्या आत येता कामा नये. घराच्या मागे मालनबाई राहायची. तिच्याकडे कोंबड्या होत्या, ओसरी होती आणि अट कसलीच नव्हती. सोमवारी दुपारी सुचित्रा पातेलं नि रवी घेऊन तिच्या ओसरीवर जाऊन बसली.

"कशाचं करताय म्हनं, वैनी?" मालनबाईने अंडी पदरात धरून विचारलं.

"पॅनकेक."

"त्यो काय आसतो?"

सुचित्राने विचार केला. "फुगतो," ती म्हणाली.

"भाकरीसारका?"

"त्याहून जास्त."

"मंग पुढं?"

पुढचं सुचित्रालाही ठाऊक नव्हतं. कुंपणापलीकडून पुष्पावतीकाकूंचा आवाज आला, "मला त्यातलं काही सांगू नका हं! मी इकडे तोंड करून बसलेय. पण अंडी किती घातलीस गं?"

"तीन, काकू."

"शी! आणि सोडा?"

"सोडा सांगितला नाहीये."

"सोड्याशिवाय फुगायला तो काय बेडूक आहे?" काकू म्हणाल्या आणि तोंड आणखी पलीकडे केलं.

आता भट्टी. त्या काळी राहात्यात घरोघरच्या बायका दिवाळीला नि लग्नसराईला तूप-रवा-साखर घेऊन छगनच्या बेकरीत जात. सकाळचे पाव निघाले, भट्टीची धग उतरली, की छगन त्यांची नानकटाई भाजून देई. ती तिथे कोणी तोंडात टाकत नसे. बाजारपेठेत भट्टीपाशी उभं राहून खाणं हे बायामाणसांचं काम नव्हे, असं सगळ्यांचंच मत होतं. नानकटाई गार करायची, डब्यात भरायची, घरी आणून देवापुढे ठेवायची, मग खायची. सुचित्राच्याही मनात दुसरं काही येण्याचं कारण नव्हतं.

"चारशे पंचवीस अंश लागेल," ती छगनला म्हणाली.

छगन पीठ लागलेले हात कमरेवर ठेवून भट्टीकडे पाहत राहिला. "ताई, हिच्यावर आकडं न्हाईत. मी आत हात घालतो. 'जय अंबाबाई' पुरतं म्हनून झालं तर नानकटाई लावायची. 'जय' म्हनतानाच हात बाहेर आला तर पाव. तुमचं कितीवर बसवायचं ते बोला."

बरीच चर्चा होऊन 'जय अं' वर एकमत झालं. कढई आत गेली. रविकांतचं घड्याळ सुचित्राच्या हातात होतं. पोस्टातलं घड्याळ चुकत नाही, आणि हे त्याच्याशी रोज लावलेलं असतं, असं त्याने देताना बजावलं होतं. वीस मिनिटांनी छगनने लांब दांड्याच्या फळीने कढई ओढली आणि फळी तशीच धरून तो वाकून बघायला लागला.

चित्रातला फेटा! हुबेहूब! कडा उंच चढलेल्या, मध्ये डोंगर, वर सोनेरी तपकिरी रंग. पावांचं गिऱ्हाईक पाव विसरलं. छगनने घाईघाईने वर्तमानपत्राचा कागद झाकला, सुचित्राने कढई फडक्यात धरली आणि ती जवळजवळ पळतच घरी आली. काकूंच्या पायरीसमोर, उंबऱ्याच्या नियमापासून दोन हात अंतर राखून, तिने कागद उचलला.

आत एक सुरकुतलेली पोळी होती.

काकू वाकून बघत होत्या. "हे का ते?"

"नाही," सुचित्रा म्हणाली. "हे ते नाही. ते वेगळं होतं."

"मग ते कुठाय?"

 सुचित्राने कागद उलटा करून पाहिला.

संध्याकाळपर्यंत तीन मतं तयार झाली. काकूंचं मत सोडा. मालनबाईचं मत दृष्ट: "भर पेठंतून उगडंवागडं आनलं. कागदाला काय आरपार दिसत न्हाई व्हय? पाटी झाका वैनी, पाटी!" रविकांतने हात धुऊन, चष्मा पुसून, पोळीचं नीट निरीक्षण केलं आणि सांगितलं, की हा हिसक्यांचा परिणाम आहे. काचेच्या सामानाचं पार्सल आणि हे यांत तत्त्वतः फरक नाही. "उद्या मी स्वतः आणतो," तो म्हणाला. "अर्ध्या रजेचा अर्ज टाकतो."

मंगळवारी पॅनकेक तसाच फुगला. रविकांतने कढई दोन्ही हातांनी छातीसमोर धरली. मालनबाईने दिलेली पेरूची पाटी वर उपडी घातली होती, आणि तो पायाखालच्या रस्त्यावरची नजर न काढता, एकेक पाऊल मोजत निघाला. सुचित्रा पुढे होऊन सायकली थांबवत होती. राहात्यात त्या दिवसांत पेरूंचा हंगाम. कोपऱ्यावर एका टांगेवाल्याने टांगा थांबवून विचारलं, "ओ पेरूवाले, काय भाव?"

रविकांत हलला नाही. हलणं शक्यच नव्हतं. त्याने फक्त मान वर केली आणि म्हणाला, "मी पोस्ट खात्यात आहे."

"आसाल की. पन पेरू काय भाव?"

"यात पेरू नाहीत!"

"मंग झाकलंय कशाला येवढं?"

तोवर आणखी चार माणसं जमली. एका म्हातारीने पाटीकडे बघून हात जोडले, आणि तिच्यामागून दोघांनी चपला काढल्या. रविकांतला तिथे थांबता येईना, चालता येईना, आणि घाम पुसायला हात मोकळा नाही. घरी पोचला तेव्हा अर्धा तास गेला होता. पाटी उचलली. पोळी. कालच्यापेक्षा थोडी जास्तच सुरकुतलेली.

"एवढं सांभाळून आणूनही!" रविकांत खाटेवर बसला. त्या पोळीने आपला वैयक्तिक अपमान केल्यासारखं त्याला वाटत होतं. "मला त्या माणसाने पेरूवाला म्हटलं, तुला कळतंय का?"

"मला कवायतीचा मास्तर दिसतोय, अहो," सुचित्रा म्हणाली. "शिट्टी घेऊन."

बुधवारी तिने काही केलं नाही. नुसती कृती पुन्हा पुन्हा वाचली. फुगतो, हे खरं. तिने दोनदा पाहिलं होतं, छगनने पाहिलं होतं. घरी आल्यावर फुगलेला नसतो, हेही खरं. मग चूक बेकरीत होत होती, रस्त्यात होत होती की घरात? की चूक तिच्यातच होती आणि पॅनकेकला ती घराजवळ आल्यावर कळत होती? रात्रीच्या जेवणात तिने आमटीत दोनदा मीठ घातलं.

गुरुवारी ती बेकरीतून हललीच नाही. कढई बाहेर आली, फळीवर ठेवली, आणि ती डोळे न मिटता बघत उभी राहिली. दोन मिनिटंही झाली नसतील. डोंगर एका बाजूने थकला, मग दुसऱ्या बाजूने, बारीक सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि सगळं खाली गेलं. रस्ता नाही, हिसका नाही, दृष्ट नाही. तिच्या डोळ्यांदेखत.

छगनचा चेहरा पडला. "ताई, माज्या बापाच्या टायमापास्नं ह्या भट्टीत आजवर काय बसल्यालं न्हाई. नगरपर्यंत पाव जातो माजा. आन् हे येक—" त्याने पोळीकडे बोट दाखवलं, पण नाव घेतलं नाही. "तुमी शनवारी इथनं बसल्यालं घेऊन गेला, की गाव काय म्हनंल? छगनची भट्टी बिगाडली म्हनंल. आता हे माज्यावर सोडा."

इथून प्रकरण सुचित्राच्या हातातून गेलं. शुक्रवारी छगनने आपल्या पावाचं खमीर मूठभर घातलं आणि मैदा दुप्पट केला. काकूंनी कुंपणावरून, दुसरीकडे तोंड करून, सोड्याची पुडी टाकली. "मला माहीत नाही तू कशात घालतेस ते!" मालनबाईने धरून राहावा म्हणून दोन मुठी जाड रवा आणला. सुचित्रा रवी फिरवत होती आणि रवी फिरेना.

चार वाजता भट्टीतून जे बाहेर आलं ते फुगलं होतं आणि फुगलेलंच राहिलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. छगनने फळी हलवून पाहिली. रविकांत पोस्टातून येताना बेकरीत थांबला, पॅनकेक सायकलच्या कॅरिअरवर ठेवून घरी निघाला, वळणावर सायकल घसरली, पॅनकेक रस्त्यावर पडला, त्याने उचलून धूळ झटकली. कुठे टवकाही उडाला नव्हता.

"हे बघ!" तो ओरडला. "याला म्हणतात पॅनकेक!"

सुचित्राने तुकडा मोडायचा प्रयत्न केला, मग विळी घेतली. चव पावासारखी, थोडी साबणासारखी, आणि चावायला वेळ लागत होता. चित्रातला असा असेल का? पण चित्राला चव नव्हती, आणि उंची तर जुळत होती. तीन दिवस बसलेल्या पोळ्या बघितल्यावर उभा राहिलेला पदार्थ नाकारायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिने नवी मापं कागदावर लिहून घेतली.

शनिवारी अकरा वाजता शाळेत साळवेबाई आल्या. साठीकडे झुकलेल्या, पांढरं पातळ, खांद्याला पर्स, बोलणं कमी. शाळा समितीचे चेअरमन आप्पासाहेबही कोशा फेटा बांधून हजर होते. नृसिंहरावांनी कपाट उघडलं, लाखेचं सील तोडलं, तोडल्याची नोंद केली आणि ओव्हन बाहेर काढला. मागच्या बाजूने वायर बाहेर लोंबत होती. वायरीच्या टोकाला काही नव्हतं.

"प्लग?" साळवेबाईंनी विचारलं.

नृसिंहरावांनी रजिस्टर बघितलं. "ओव्हन एक, वायर एक, पुस्तिका एक. प्लगची नोंद नाही."

"म्हंजे ह्ये चालायचं कसं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"प्लग वेगळा मागवावा लागेल. मागणीचा नमुना भरून पाठवला तर मार्चअखेर—"

"मला दुपारची एस.टी. आहे," साळवेबाई म्हणाल्या. "बाई, तुम्ही सराव कुठे केलात?"

सुचित्राने खरं ते सांगितलं. अर्ध्या तासाने चेअरमन, हेडमास्तर काखेत रजिस्टर घेऊन, साळवेबाई आणि सुचित्रा छगनच्या बेकरीत उभे होते. ही बातमी त्यांच्याआधी तिथे पोचली होती. मालनबाई होती, रविकांत रजा टाकून आला होता, आणि पुष्पावतीकाकू रस्त्याच्या पलीकडे छत्री घेऊन, आपला याच्याशी संबंध नाही अशा उभ्या होत्या.

सुचित्राने कालच्या मापाने मिश्रण केलं. कढई आत गेली, वीस मिनिटांनी बाहेर आली. पॅनकेक उभा होता. माणसांनी टाळ्या वाजवल्या. छगनने मिशीवरून हात फिरवला.

साळवेबाईंनी टाळी वाजवली नाही. त्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. एक मिनिट. दोन. चार. मग बोटाने वरून दाबलं. बोट आत गेलं नाही.

"हा खाली बसत कसा नाही?" त्या म्हणाल्या.

"नाहीच बसत, बाई!" सुचित्राचा आवाज आनंदाने चिरकला. "कितीही वेळ ठेवा!"

"मग हा पॅनकेक नाही." साळवेबाई शांतपणे म्हणाल्या. "नगरला मिशनच्या बंगल्यात मी नऊ वर्षं मॅडमच्या हाताखाली केलाय. भट्टीतून काढला की दोन मिनिटांत बसलाच पाहिजे. म्हणून तर तो तिथल्या तिथे खायचा. हा चांगला पाव आहे. थोडा जड आहे."

नृसिंहरावांनी पेनाचं टोपण काढलं. सुचित्राला त्या टोपणाचा आवाज बाजारपेठभर ऐकू गेल्यासारखा वाटला. आणि मग तिच्या आत चार दिवस कोंडलेलं काहीतरी वर आलं.

"बसला होता!" ती म्हणाली. "बाई, माझा बसला होता! एकदा नाही, तीनदा बसला होता!"

"व्हय, बाई!" मालनबाई गर्दीतून पुढे आली. "पार बसला हुता! लोळागोळा झालाता! माज्या शेळीनं खाल्ला त्यो."

"मी माझ्या हातांनी बसलेला घरी नेला आहे," रविकांत म्हणाला. "मंगळवारी. अर्ध्या रजेचा अर्ज आहे त्याला."

"माज्या भट्टीत बसलाय!" छगन छाती पुढे काढून म्हणाला. आदल्या दिवसापर्यंत हे शब्द तो मेला तरी बोलला नसता. "गुरवारी. डोळ्यांदेखत. आसा बसला बाई, की मला रातच्याला झोप न्हाई."

"मंग आज का न्हाई बसला?" आप्पासाहेबांनी मुद्द्याचं विचारलं.

 मालनबाईने छगनकडे बघितलं, छगनने खमिराच्या डब्यावर फडकं टाकलं, आणि रस्त्यापलीकडे छत्री थोडी खाली आली.

"सोडा कोणी घातला?" साळवेबाईंनी पावाचा वास घेऊन विचारलं.

"सल्ले फार झाले, बाई," सुचित्रा म्हणाली. "मी सगळ्यांचे ऐकले. पुस्तिकेचं सोडून."

साळवेबाईंनी पुन्हा घड्याळ बघितलं. "एस.टी.ला पाऊण तास आहे. पुस्तिकेत आहे तसा करा."

मैदा होता, लोणी होतं. दूध नि अंडी संपली होती. मालनबाई घराकडे धावली आणि परत येताना रस्त्याच्या टोकावरूनच ओरडू लागली, की हातात दुधाची चरवी हाय, कुनीतरी अंडी धरा! कोणी धरीना. शेवटी छत्री मिटली. पुष्पावतीकाकू तरातरा गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात पदराखाली होता, मान पूर्ण डावीकडे होती आणि डोळे घट्ट मिटलेले होते. वाटेत त्या एका हातगाडीला धडकल्या. "घे बाई," त्या बेकरीच्या पायरीशी म्हणाल्या. "काय आहे ते मी बघितलं नाही. पण तीनच आहेत. फोडू नकोस एखादं."

या वेळी रवी सहज फिरली. छगनने हात घातला, 'जय अं' म्हटलं, कढई आत गेली. वीस मिनिटं सगळे भट्टीच्या तोंडाकडे बघत राहिले. मग फळी बाहेर आली आणि पॅनकेक वर आला होता, पहिल्या दिवसापेक्षा उंच, एका अंगाला झुकलेला, कडा कुरकुरीत. या खेपेला टाळी कोणी वाजवली नाही. सगळी पेठ त्याच्याकडे वाकून, तो पडायची वाट बघत होती.

तो पडेना.

"बस, बस रं माज्या राजा," मालनबाई बैलाला चुचकारावं तसं म्हणू लागली.

रविकांतने घड्याळ कानाला लावलं. सुचित्राने पदराचं टोक तोंडात धरलं. तिला आता खरंच काही कळत नव्हतं. चार दिवस तिने हा उभा राहावा म्हणून देव पाण्यात ठेवले होते, आणि आता हा खाली जावा म्हणून ती त्याच देवांना विनवत होती. त्यांचा तरी गोंधळ होत नसेल का?

आणि मग डोंगर एका बाजूने थकला. बारीक सुस्कारा आला. सगळा पॅनकेक सावकाश, समाधानाने, कढईत खाली टेकला.

"बसला!" छगन ओरडला आणि त्याने पिठाने भरलेला टॉवेल हवेत उडवला. पेठेतून असा गजर झाला, की दोन दुकानं पलीकडे बसलेले लोक निवडणुकीची सभा सुरू झाली समजून उठून आले. आप्पासाहेब मात्र नृसिंहरावांच्या कानाशी लागले होते. "मास्तर, म्हंजे आता ह्या बाई पास धरायच्या का नापास? चांगलं फुगल्यालं पडलं की!"

साळवेबाईंनी लिंबू पिळलं, पिठीसाखर भुरभुरली आणि तिथेच, भर बाजारपेठेत, भट्टीपाशी उभ्याने तुकडा तोडून तोंडात घातला. मग दुसरा. "मॅडमचा याच्यापेक्षा थोडा कमी बसायचा," त्या म्हणाल्या.

नृसिंहरावांनी पिठाच्या पोत्यावर रजिस्टर उघडलं, बराच विचार केला, आणि लिहिलं: 'पदार्थ दिनांक सोळा रोजी तपासणी अधिकाऱ्यांसमक्ष समाधानकारक रीतीने बसला.' खाली रेघ मारली. "इथे सही करा," ते म्हणाले. "गृहशास्त्र शिक्षिका."

सुचित्राने सही केली. पूर्ण नाव लिहिलं. मग कढईत उरलेला शेवटचा तुकडा उचलून तिने आयुष्यात पहिल्यांदा तो गरम असताना खाल्ला. तो आवडला की नाही, हे तिला ठरवता येईना. ती बराच वेळ चघळत उभी राहिली. पण सहीची शाई अजून ओली होती आणि सोमवारी साडेदहाला तिचा पहिला तास होता.